नोटीसही माझी, उत्तरही माझंच

मी माझ्या मालकाला जी नोटीस पाठवली, तिचं उत्तरही मीच लिहिलं. स्वतःची स्तुती करायची मला सवय नाही, पण उत्तर नोटिशीपेक्षा सरस उतरलं. नोटिशीत नुसतं गाऱ्हाणं होतं. उत्तरात कायदा होता, मुद्दे होते, आणि दोन ठिकाणी मी स्वतःला असं काही कोंडीत पकडलं होतं की लिहिता लिहिता मलाच घाम फुटला. पुढं नांदेडला साहेबांसमोर जे झालं ते झालं, पण ती दोन्ही कागदपत्रं माझ्याकडं अजून आहेत आणि कुणी घरी आलं की मी आधी उत्तर दाखवतो.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. गावात जिकडं बघावं तिकडं नव्या पाट्या. ज्याच्या त्याच्या दुकानावर 'जिल्हा' हा शब्द आला होता. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यानंसुद्धा तो रंगवून घेतला आणि दाढीचा दर वाढवला. पाणी मात्र तालुका होता तेव्हा जेवढं यायचं तेवढंही येईना. पाऊस सलग दुसऱ्या साली दगा देऊन गेला होता. नळ म्हणजे भिंतीतून निघालेली एक लोखंडी वस्तू, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा, आणि त्याच्यामागं बायका अशा धावायच्या की धावण्याची जिल्हास्तरीय स्पर्धा वेगळी घ्यायची गरज नव्हती.

अशा दिवसांत माझ्या घरी रोज दोन घागरी गोडं पाणी यायचं. गल्लीत त्यामुळं मला मान होता. हणमंतरावांच्या डाळमिलमध्ये मी कार्यालयीन अधीक्षक होतो. हे पद मी स्वतःच स्वतःला दिलेलं होतं, कारण मालक मला 'मुनीम' म्हणायचे आणि हमाल 'लिव्हणारे'. कार्यालय म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि पोत्यांच्या थप्पीआड एक खिडकी. पण मिलमध्ये लिहिता-वाचता येणारा मी एकटाच असल्यामुळं आलेलं पत्र मीच घ्यायचो, मीच आवक रजिस्टरला चढवायचो, मीच मालकाला वाचून दाखवायचो आणि मीच उत्तर द्यायचो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळा घोटाळा इथूनच झाला.

एके दिवशी सकाळी वॉचमन भीमानं विहिरीच्या मोटरीला कुलूप घातलं. मी माझ्या दोन घागरी घेऊन उभा.

"मालकानं न्हाई म्हणून सांगितलंय," भीमा दुसरीकडं बघत म्हणाला. "तुमच्याच घागरीचं नाव घेतलं."

मी तसाच मालकाकडं गेलो. हणमंतराव निलंग्याकडचे शेतकरी. बापजाद्याची जमीन करता करता त्यांनी डाळमिल काढली होती, पण बसणं-उठणं अजून बांधावरचंच. ते पोत्यावर बसून तूर दातानं फोडून बघत होते.

"रामकिसन, विहीर तळाला लागली," ते म्हणाले. "तुरीला पाण्याचा हात दिल्याबिगर टरफल सुटत न्हाई, तुला ठावं हाय. मिल चालवू का तुझ्या घागरी भरू?"

"पण मालक, करारात आहे," मी म्हणालो.

"असंल. करारात पाऊस लिव्हला होता का?"

मी रिकाम्या घागरी घेऊन घरी आलो, तेही मागच्या बोळातून, कारण पुढच्या रस्त्यानं आलो असतो तर सगळ्या गल्लीनं मोजल्या असत्या.

आता कराराविषयी सांगायलाच पाहिजे, आणि इथंच माझी इज्जत गुंतलेली आहे. हणमंतरावांनी आयुष्यात एकाच प्रकारचा करार केला होता, तो म्हणजे सालगड्याचा. पाडव्याला गडी ठरवायचा, पुढच्या पाडव्यापर्यंत तो आपला. पाच वर्षांपूर्वी मला कामाला ठेवताना मी म्हणालो, "मालक, नेमणुकीचा काही कागद पाहिजे." ते म्हणाले, "लिव्ह." आणि त्यांनी सांगितलं ते मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं. महिन्याचा पगार तेवढा मी भांडून घालून घेतला. बाकी सगळं सालगड्याचंच होतं. वर्षाला वहाणांचा एक जोड, एक घोंगडी, पाडव्याला मालकाच्या घरी पुरणाचं जेवण आणि काम असेल तोवर रोज दोन घागरी गोडं पाणी. मी हळूच 'वार्षिक सेवक' असं लिहिलं होतं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं, तिथंच थांबवलं आणि म्हणाले, "ह्ये काय? सालगडी लिव्ह." मी ते खोडून 'सालगडी' लिहिलं. खाली दोघांचे दस्तखत.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरत होतं. मुलगी तारामती, किल्लारीकडची. तिचे वडील नरसिंगमामा बावीस वर्षं सालगडी म्हणून राबलेले. बोलणी करायला आले तेव्हा ते हुंडा, मानपान काही बोलले नाहीत. एकच अट घातली. "माझा जन्म सालानं राहण्यात गेला. पोरगी सालगड्याच्या घरी द्यायची न्हाई. नोकरदार पाहिजे, कागुदवाला." मी म्हणालो, "कागद आहे." ते म्हणाले, "मग झालं." त्यांनी कागद मागितला नाही आणि मी दाखवला नाही. पाच वर्षं तो ट्रंकेच्या तळाला लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली होता. दर पाडव्याला मिळणाऱ्या वहाणा मी दाराआड पोत्याखाली ठेवून द्यायचो. चांगल्या जाड तळव्याच्या, खिळे मारलेल्या शेतकरी वहाणा. तारामतीनं पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा सांगितलं की मालकानं प्रेमानं भेट दिली. घोंगड्यांचंही तेच सांगितलं. मालकाचं माझ्यावर फार प्रेम आहे अशी तिची समजूत असावी, असं मी समजत होतो.

आणि नेमके त्या उन्हाळ्यात नरसिंगमामा आमच्याकडं राहायला आलेले. त्यांच्या गावची विहीर आटली म्हणून तारामतीनंच बोलावून घेतलं होतं. म्हणजे घरात आम्ही दोघं, दोन लेकरं, मामा आणि शून्य घागरी. पाणी मिळवायचं तर करार काढावा लागणार. करार काढला तर मामांना कळणार की त्यांनी पोरगी सालगड्यालाच दिली आहे. दोन दिवस मी नुसता चडफडलो. तिसऱ्या दिवशी तारामती टँकरवरून रिकामी आली. हातातली घागर चेपलेली, कोपर खरचटलेलं. तिनं धाकट्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि तेच फडकं मोठ्याला वापरलं. मला फार लागलं ते.

मी सरळ चंद्रप्पांकडं गेलो. चंद्रप्पा आमचे शेजारी, उदगीरच्या कोर्टात बेलीफ म्हणून तीस वर्षं काढलेले. कायदा त्यांनी वाचला नव्हता, पण लोकांच्या दारावर एवढा चिकटवला होता की हातालाच येऊन बसला होता.

"रामकिसनराव, पहिली गोष्ट," ते म्हणाले, "काम सोडू नका. रागारागानं काम सोडलं की तक्रार तिथंच मरती. दुसरी गोष्ट, तोंडी बोललेलं हवेत जातं. लेखी द्या, नक्कल ठेवा. तिसरी गोष्ट, हातात देऊ नका, रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोच घ्या. एवढं करूनबी ऐकलं न्हाई तर कामगार हापिसात अर्जी. तिथले साहेब दोघांना बोलावत्यात, समजूत घालत्यात. तिथंबी न्हाई जमलं तर कोर्ट."

"हे मामांच्या कानावर जायला नको," मी म्हणालो.

"यप्पा, माझ्या पोटात किती नोटिसा पचल्यात," चंद्रप्पा म्हणाले. मी निर्धास्त झालो. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांच्या भानगडी भर चौकात दवंडी देऊन सांगितल्या त्याच्यावर मी विश्वास ठेवला, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

नोटीस लिहिली. रजिस्टर केली. दुसऱ्या दिवशी पोस्टमन मिलच्या खिडकीत आला आणि म्हणाला, "सही." मी सवयीनं सही केली, शिक्का मारला, आवक रजिस्टरला क्रमांक टाकला. 'विषय' या रकान्यात 'पाण्याबाबत तक्रार' लिहिलं. 'कोणाकडून' या रकान्यात माझं नाव लिहिलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाठवणारा मी, घेणारा मी. आता वाचून दाखवणाराही मीच होतो.

मला वाटलं मालक जोड्यानं मारतील. मी उभं राहून, थोडं अंतर राखून वाचलं. "आपण करारातील अटीचा भंग केला असून" इथं आवाज जरा चिरकला. मालक ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे ही केस झाली का?"

"व्हायच्या मार्गावर आहे, मालक."

"माझ्यावर?"

"हो."

त्यांचा चेहरा उजळला. "भीमा, च्या सांग," ते ओरडले. मग मला म्हणाले, "अमृतरावावर दोन केसी चालू हायत. बाजारात बसला की वकील, तारीख, असंच बोलून राहतो. जिल्हा झाला, आन् आपल्यावर एक केस न्हाई. लोक काय म्हणतील." अमृतराव म्हणजे पलीकडच्या डाळमिलचे मालक. "बस. आता उत्तर लिव्ह. असं लिव्ह की वाचणाऱ्यानं म्हणलं पाहिजे, हणमंतरावाच्या हापिसात माणूस हाय."

आता माझी अडचण समजून घ्या. एकीकडं माझ्या लेकरांचं पाणी. दुसरीकडं पाच वर्षांत पहिल्यांदा मालक माझ्या अक्षरावर विसंबून बसलेले, हातात चहा, डोळे माझ्या लेखणीवर. मी ठरवलं होतं की उत्तर मिळमिळीत लिहायचं. पहिली दोन वाक्यं मिळमिळीत लिहिलीही. पण तिसऱ्या वाक्याला लेखणी तापली. सालगड्याचा करार पाडव्याला संपतो, यंदाच्या पाडव्याला नवा कागद झालेला नाही, सबब अर्जदाराचा पाण्यावर हक्क उरत नाही. हा मुद्दा मला सुचला आणि मी स्वतःच 'वा' म्हणालो. मग दुसरा सुचला. अर्जदार स्वतःच्या पत्रावर 'कार्यालयीन अधीक्षक' असं लिहितो आणि पाणी मात्र सालगडी म्हणून मागतो, तरी तो नक्की कोण आहे याचा त्यानं खुलासा करावा. हे वाचून दाखवल्यावर मालक पोत्यावरून उठून उभे राहिले.

"ह्ये लई बेस," ते म्हणाले. "आता तू काय करशील?"

"आता मी काय करणार," मी म्हणालो.

उत्तर मी पोस्टानं पाठवलं आणि दोन दिवसांनी घरी घेतलं. चंद्रप्पांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. "हे कोण वकिलानं लिहिलं? मोठा पोचलेला माणूस दिसतो," ते म्हणाले. अभिमान आणि पश्चात्ताप एकाच वेळी झाल्यावर माणसाचं तोंड जसं होतं तसं माझं झालं होतं.

पुढची पायरी अर्जी. नव्या जिल्ह्याची हापिसं तेव्हा एकेक करून यायला लागली होती. कुणाची पाटी आलेली, माणूस नाही. कुणाचा माणूस आलेला, खोली नाही. मी चार खिडक्या फिरलो. शेवटी एका व्हरांड्यात मला कामगार हापिसाचं टेबल दाखवण्यात आलं. टेबल नवं कोरं होतं. त्यावर कुणाचा तरी डबा आणि वाळत घातलेला टॉवेल होता.

"साहेब कुठं आहेत?" मी विचारलं.

"साहेब नांदेडला. इथं टेबल आलंय," शेजारचा कारकून म्हणाला. "अर्ज इथं टाकलात तर नांदेडला जाईल. नांदेडला टाकलात तर लातूरचं म्हणून इथं येईल."

मी जरा विचार केला आणि दोन्हीकडं टाकला. महिनाभरानं दोन लिफाफे आले, एक अर्जदाराला, एक मालकाला. दोन्ही मीच घेतले, सह्या केल्या. सुनावणी नांदेडला होती. तोपर्यंत आमच्या घरी एक घागर अर्धी अर्धी करून चालली होती. शेजारच्या कोंडाबाई अधूनमधून एक कळशी द्यायच्या आणि वर सल्ला द्यायच्या की मालकाच्या दारात उपोषणाला बसा, तेवढंच घरचं पाणीही वाचेल.

सुनावणीच्या दिवशी मी पहाटे उठलो. पांढरा सदरा घातला. बूट बघतो तर जागेवर नाहीत.

"शिवायला टाकलेत," तारामती चुलीपुढून म्हणाली. "तळवा सुटला होता."

माझ्या आठवणीप्रमाणं बुटांना काहीही झालेलं नव्हतं. "अगं, आज? आजच?"

"त्या दाराआडच्या वहाणा घाला की. भेटीच्या. नव्याच हायत."

ओट्यावर नरसिंगमामा बसले होते. त्यांच्यासमोरून त्या वहाणा घालून जायचं म्हणजे कपाळावर करार चिकटवून जाण्यासारखं होतं. पण अनवाणी कार्यालयीन अधीक्षक हे त्याहून वाईट. मी वहाणा पायात सरकवल्या, धोतर असतं तर झाकता आल्या असत्या असं पहिल्यांदा वाटलं, आणि फाइल पोटाशी धरून तिरका चालत मामांसमोरून गेलो. एक गोष्ट मात्र खटकली. पाडव्यापासून पोत्याखाली पडलेलं कातडं वाळून लाकडासारखं व्हायला हवं होतं. ते लोण्यासारखं मऊ होतं.

"संभाळून जावा, जावईबापू," मामा म्हणाले. त्यांनी पायांकडं बघितलं की नाही ते मला कळलं नाही.

स्टँडवर मालक माझीच वाट बघत होते. नवा फेटा, हातात फिरकीचा तांब्या. नांदेडला ते कधी हापिसाच्या कामानं गेले नव्हते, त्यामुळं वादी आणि प्रतिवादी एकाच सीटवर बसून निघाले. माझ्या उजव्या काखेत माझी फाइल, डाव्या काखेत त्यांची. अहमदपूर गेलं, लोहा आलं. दोन्हीकडं काळी रानं भेगाळून पडलेली. मालकानं तांब्याची फिरकी काढून मला पाणी दिलं.

"पी. हे करारातलं न्हवं, वरकड देऊन राहिलो," ते म्हणाले. मग बाहेरच्या भेगांकडं बघत म्हणाले, "तू काय लबाड न्हाईस, रामकिसन. पर मिल बंद पडली तर अठरा माणसं घरी बसतील." हे मला माहीत होतं, आणि उत्तरात मी हा मुद्दा घातला नव्हता याची त्या क्षणी मला हळहळ वाटली.

नांदेडचे साहेब भोकरकडचे निघाले. रुंद हाडाचा, शांत माणूस. त्यांनी नोटीस वाचली. उत्तर वाचलं. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"दोन्हीचं अक्षर एकच कसं?"

"लिव्हणारा एकच हाय ना," मालक अभिमानानं म्हणाले. "आन् माझ्या वतीनं बी हाच बोलंल. मला तसलं बोलता येत न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. "चालू करा," ते म्हणाले. मी आधी माझ्या खुर्चीवरून माझी बाजू मांडली. गाडी अडखळली, पण मांडली. मग उठून मालकाच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो, आणि काय सांगू, तिथं बसताच माझ्या अंगात वारं शिरलं. साल संपलं, कागद नाही, हक्क नाही. व्हरांड्यातली दोन माणसं ऐकायला दारात येऊन उभी राहिली. मालक मांडीवर हात मारत होते. बोलून झाल्यावर मी परत माझ्या खुर्चीवर येऊन बसलो आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हरलो आहे.

"हे बघा," साहेब म्हणाले, "नाव मुनीम द्या, सालगडी द्या, काहीही द्या. कारखान्यात टेबलाशी बसून लिहिणारा माणूस कायद्यानं कामगारच. आणि ठरलेल्या अटी मालकाला एकट्याला, मनात आलं म्हणून बदलता येत नाहीत. पण तुमच्या मालकाच्या वकिलानं," इथं त्यांनी माझ्याकडंच बोट केलं, "एक मुद्दा पक्का मांडलाय. करार पाडव्यापर्यंतचा. यंदाचं साल लागलं याचा पुरावा काय?"

माझ्याकडं पुरावा नव्हता. मी खालमानेनं फाइल चाळायला लागलो. साहेबांची पेन्सिल टेबलाखाली पडली. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

वर आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "या वहाणा कुणाच्या?"

मला कळलं ते काय विचारतायत. भोकरकडं काय, निलंग्याकडं काय, पद्धत एकच. पाडव्याला मालकाच्या घरचं पुरण खाल्लं आणि वहाणांचा जोड घेतला की साल लागलं, मग कागद असो नाहीतर नसो. तोंडावर आलं होतं की विकत घेतल्या. तेवढं म्हणालो असतो तर माझी इज्जत शाबूत राहिली असती, मामांच्या कानावर कधीच काही गेलं नसतं. पण मला ते ओलं फडकं दिसलं, आधी धाकट्याच्या तोंडावरून फिरलेलं आणि मग मोठ्याच्या.

"पाडव्याच्या आहेत, साहेब," मी म्हणालो. "मालकानं दिल्या. मी त्यांच्याकडं सालगडी आहे. सहावं साल."

हे बोलून झाल्यावर आपण रडणार की काय असं वाटलं. साहेब मालकाकडं वळले. "खरं का?"

आता मालक नुसते 'नाही' म्हणाले असते तर संपलं होतं. कागद नव्हता, गवाह नव्हता. हणमंतराव उभे राहिले. त्यांनी फेटा सारखा केला.

"वहाणा म्या दिल्या. माझ्या हातानं. पुरणाच्या चार पोळ्या खाल्ल्या ह्यानं माझ्या घरी," ते म्हणाले. "साल लागलंय, सायेब. ह्या गोष्टीत खोटं बोललो तर गावात कोण गडी राहील माझ्याकडं?"

"मग पाणी?"

मालक तांब्याची फिरकी घट्ट करत बसले. मग म्हणाले, "देतो. तुरीला हात आखडून लावू."

तडजोडीचा कागद करायचा होता. साहेबांचा कारकून रजेवर होता. तिघांनीही माझ्याकडं बघितलं. मी तिसरा कागदही लिहिला, आणि या वेळी 'सालगडी' हा शब्द न खोडता, पहिल्या झटक्यात लिहिला. परतीच्या गाडीत मालक फार खुशीत होते. केस झाली, नांदेडला सुनावणी झाली, बाजारात सांगायला मुद्देमाल मिळाला. "हरलो की जिंकलो हे अमृतरावाला सांगायचं न्हाई," एवढंच त्यांनी मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमा दारात हजर. दोन घागरी, काठोकाठ, वर ओलं फडकं. शिवाय एक वही. मालकाचा निरोप होता की यापुढं सगळं कायदेशीर होईल. 'दोन घागरी गोडं पाणी मिळालं' अशी रोज लेखी पोच पाहिजे आणि ती वही मिलच्या आवक रजिस्टरला चढली पाहिजे. म्हणजे पाणी घेतल्याची सही मी करायची आणि ती सही मिळाल्याची सहीही मीच करायची. मी सही केली. तारामतीनं घागरी आत नेल्या. गल्लीतल्या चार बायका बघत होत्या, आणि खरं सांगतो, छाती भरून आली.

मग मी ओट्यावर बघितलं. नरसिंगमामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यासमोर माझ्या वहाणा, बाजूला एरंडेलाची वाटी. ते बोटानं कातड्याला तेल चोळत होते, अगदी सावकाश, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. शेजारी माझे बूट ठेवलेले होते, न शिवलेले, कारण शिवण्यासारखं त्यांत काही नव्हतंच.

मी खाली बसलो. "मामा, तुम्हाला कधी कळलं?"

"आलो त्याच्या दुसऱ्या दिशी. पोतं हललं, वहाणा दिसल्या. बावीस जोड घातलेत म्या, वळखायला वेळ लागतो व्हय?" ते म्हणाले. "मग चंद्रप्पानं बाकीचं सांगितलं. सगळ्या गल्लीलाच सांगितलं त्यानं. तारीला म्हणलो, पोरी, जावयाचे बूट लपीव. पुरावा पायात पाहिजे."

"तारामतीला माहीत होतं?"

"तिला पयल्या पाडव्यापासून ठावं हाय. सालगड्याच्या घरात वाढली ती."

पाच वर्षं ज्या गोष्टीला मी गठ्ठ्याखाली दाबून ठेवलं, ती घरात सगळ्यांना माहीत होती, फक्त मला माहीत नव्हतं की त्यांना माहीत आहे. "मामा, मी तुम्हाला फसवलं," मी शेवटी म्हणालो. "तुम्ही नोकरदार मागितला होता."

मामांनी वहाण उलटी करून तळव्याचे खिळे तपासले. "माझ्या मालकानंबी एका दुष्काळात पाणी तोडलं होतं," ते म्हणाले. "तारीची आई तवा तीन कोस जायची. म्या काय केलं, ठावं हाय? खाली मान घालून कडबा तोडत बसलो. कागुद न्हवता, आन् असता तरी बोललो नसतो." त्यांनी तेलाचं बोट धोतराला पुसलं. "तुमी मालकाला गाडीत घालून नांदेडला नेलं आन् सायबापुढं बशिवलं. नोकरदार म्हणजे मला तेवढंच पाहिजे होतं."

आतून तारामतीनं तांब्याभर पाणी आणून आधी त्यांना दिलं, मग मला. मी पाणी प्यालो, वहाणा पायात घातल्या आणि भर रस्त्यानं मिलला गेलो.